लोणारच्या विवरात कॅमेरा नेण्याआधी

गेल्या वर्षी, म्हणजे ५ मे २०२५ रोजी, जालन्यातील एका बियाणे कंपनीने आपल्या २०२६ च्या दिनदर्शिकेसाठी महाराष्ट्रातील जलाशयांची छायाचित्रे काढण्याचे काम मला दिले. बारा पानांपैकी दोन पाने लोणारच्या सरोवरासाठी राखून ठेवली होती. मी छत्रपती संभाजीनगरात राहते, अकरा वर्षे व्यावसायिक छायाचित्रण करते आणि लोणारला पर्यटक म्हणून कितीतरी वेळा जाऊन आले आहे. गळ्यात कॅमेरा असताना तेथे मला कधीच कोणी अडवले नव्हते, त्यामुळे या दोन पानांची मला जराही चिंता वाटली नाही. प्रत्यक्षात उरलेल्या दहा पानांचे काम जितक्या दिवसांत झाले, त्याच्या कितीतरी पट दिवस या दोन पानांच्या कागदपत्रांना लागले. अशाच वाटेवर निघालेल्या कोणाला उपयोग व्हावा, म्हणून सगळे तारीखवार लिहून ठेवते.

कंपनीच्या मागणीपत्रात लोणारसाठी चार गोष्टी होत्या: काठावरून दिसणारे सकाळचे विवर, गुलाबी पाणी, ड्रोनने वरून टिपलेले पूर्ण वर्तुळ, आणि गावातील दैत्यसूदन मंदिराच्या छतावरील शिल्पे. शिल्पांची एक मिनिटाची चित्रफीतही हवी होती. कागदावर हे सगळे एकाच ठिकाणचे काम दिसत होते. विवराचा व्यास जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर आहे आणि मंदिर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मात्र परवानगीच्या दृष्टीने पाणी आणि जंगल एकाचे, मंदिर दुसऱ्याचे आणि वरच्या हवेचे नियम तिसऱ्याचे, हे समजायलाच मला महिना लागला.

लोणारचे विवर हे २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून ते रामसर क्षेत्रही, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय करारातले महत्त्वाचे पाणथळ क्षेत्रही, आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ मध्ये कोणत्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो ते सांगितले आहे. पर्यटन हे त्यातले एक कारण आहे आणि छायाचित्रण हे वेगळे कारण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रणाच्या शेजारी चित्रीकरणही आले आणि त्यासोबत अशी अट आली की, अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देता हे काम झाले पाहिजे. हे वाक्य मी सुरुवातीला नेहमीची सरकारी भाषा समजून वाचले आणि पुढे गेले. पुढच्या साडेतीन महिन्यांत ते मला निरनिराळ्या लोकांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले.

पहिली चूक माझीच झाली. लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणून ९ मे रोजी मी अर्ज प्रादेशिक वन विभागाकडे पाठवला. दोन आठवड्यांनी दूरध्वनी केला तेव्हा तेथील लिपिकांनी शांतपणे समजावून सांगितले की, अभयारण्याचा कारभार वन्यजीव शाखेकडे असतो आणि लोणारसाठी अकोला वन्यजीव विभागाकडे जावे लागेल. जिल्हा आणि वन विभाग यांच्या हद्दी एकच असतील असे कोणीही गृहीत धरू नये. अर्ज लिहिण्याआधी स्थळावरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक दूरध्वनी केला असता, तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

नवीन अर्ज घेऊन २ जून रोजी मी स्वतः अकोल्याला गेले. अर्ज ईमेलनेही पाठवता येतो, तरीही मी समक्ष जाण्याचाच सल्ला देईन, कारण आवक कक्षात शिक्का मारलेली पोच आणि आवक क्रमांक हातात असला, की पुढच्या प्रत्येक चौकशीला एक धागा मिळतो. मी सोबत कंपनीचे पत्र, तिघांच्या आधार कार्डांच्या प्रती, कॅमेऱ्यांची यादी आणि वाहनाचा क्रमांक नेला होता. अर्ज पुरेसा भक्कम आहे असे मला वाटत होते.

१९ जून रोजी त्रुटींचे पत्र आले आणि ते वाचून मी हिरमुसले. आता मागे वळून पाहताना वाटते की, त्या पत्रातल्या चारही हरकती रास्त होत्या. मी तारखांऐवजी ‘सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा’ असे लिहिले होते. कोणत्या जागी उभे राहून काय टिपणार, हे नकाशावर दाखवले नव्हते. कॅमेरे, भिंगे आणि ड्रोन यांचे अनुक्रमांक दिले नव्हते. शेवटची हरकत सर्वांत महत्त्वाची होती: अर्जात ‘सरोवराचे गुलाबी पाणी टिपणे’ हा उद्देश लिहिला होता, त्याचा खुलासा मागितला होता.

त्या गुलाबी पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी खरोखरच गुलाबी झाले होते आणि ती छायाचित्रे देशभर पोहोचली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारांचे प्रमाण वाढले आणि त्या जीवांना पोषक स्थिती मिळाली. पावसाळा सरता सरता, विवराच्या उतारांवरून झरे वाहत असताना, तो रंग दिसण्याची अपेक्षा धरणे चुकीचे होते. अर्जात तसे लिहिले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहणार की, रंग दिसला नाही तर ही माणसे काय करणार आहेत. मी कंपनीच्या व्यवस्थापकांना हे सगळे कळवले. त्यांचे पहिले उत्तर असे होते की, रंग नंतर संगणकावर देता येईल. मी त्यांना लिहिले की, ज्या जागेची परवानगी ‘बदल न करता’ या शब्दांवर मिळते, त्या जागेचे पाणी मी छापील पानावरही बदलणार नाही. दोन दिवसांनी त्यांचा होकार आला. ते दोन दिवस मला जड गेले, कारण काम हातचे जाण्याची शक्यता खरी होती.

याच सुमारास मंदिराचा प्रश्न सोडवला. दैत्यसूदन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे वन विभागाची परवानगी तेथे चालत नाही. संरक्षित स्मारकात चित्रीकरणासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्याचे शुल्क एका स्मारकासाठी दररोज ५०,००० रुपये आहे आणि शिवाय १०,००० रुपयांची परत मिळणारी अनामत भरावी लागते. एका मिनिटाच्या चित्रफितीसाठी हा खर्च दिनदर्शिकेच्या अंदाजपत्रकात बसणारा नव्हता. पर्यटकाच्या नात्याने हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढून ते गुपचूप दिनदर्शिकेत वापरावे, असेही एका परिचिताने सुचवले. तसे करायचे नाही, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी याच कार्यालयांच्या दारात मला पुन्हा उभे राहायचे होते. मंदिर मागणीपत्रातून वगळले आणि तसे कंपनीकडून लेखी घेतले.

ड्रोनचा निर्णय मात्र मला मनापासून पटायला वेळ लागला. माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, आणि ड्रोन नियम, २०२१ मध्ये या सर्वांत लहान गटाला पुष्कळ सवलती आहेत. त्या सवलतींच्या भरवशावर मी निर्धास्त होते. हवाई वाहतुकीचे नियम आणि अभयारण्याचे नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्यातली सूट दुसऱ्यात लागू होत नाही, हे मला ९ जुलैच्या स्थळपाहणीत कळले.

सुधारित अर्ज २७ जून रोजी दिल्यानंतर क्षेत्रीय अभिप्रायासाठी ही पाहणी झाली. वनपाल, एक वनरक्षक आणि मी असे तिघे सकाळी साडेसहाला विवरात उतरलो. पावसाने पायवाट निसरडी झाली होती, साग आणि सीताफळीची पाने गच्च ओली होती. खाली पाण्याजवळ पोहोचल्यावर तो ओळखीचा उग्र वास आला. माझ्या नकाशावरच्या सहा खुणांपाशी आम्ही एकेक करून उभे राहिलो. दोन ठिकाणी पाणी इतके वर आले होते की, मी उन्हाळ्यात पाहिलेली उभे राहण्याची जागाच उरली नव्हती. त्या खुणा वनपालांनी तेथेच खोडायला लावल्या.

चौथ्या जागी एक वाळलेली बाभळीची फांदी नेमकी पाण्याच्या आणि माझ्या मध्ये आडवी येत होती. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी ती बाजूला करता येईल असे मी सहज म्हणाले आणि ती किती जड आहे हे पाहण्यासाठी हात पुढे केला. वनरक्षक म्हणाले, “ताई, तिला नका हलवू. जाळं हाय तिच्यावर.” मी वाकून पाहिले. फांदीच्या दोन फाट्यांमध्ये हातभर रुंदीचे कोळ्याचे जाळे होते, त्यावर पावसाचे थेंब टिकून होते आणि मध्यभागी पाय जोडी-जोडीने पसरून कोळी बसला होता. माझ्या डोळ्यांना तोवर ती फक्त आडवी येणारी फांदी दिसत होती. कलम २८ मधील ते वाक्य मला तेथे, त्या जाळ्यासमोर कळले.

वर येताना मी ड्रोनविषयी विचारले. वनपालांनी नकार दिला नाही. विवर वाडग्यासारखे आहे, त्यामुळे आत आवाज घुमतो. काठावर कोणी मोठ्याने हाक मारली तरी झाडांवरची वानरे अस्वस्थ होतात आणि मोर ओरडू लागतात, एवढेच त्यांनी सांगितले. ड्रोनसह प्रस्ताव गेला तर त्यावर वेगळा विचार होईल आणि वेळ लागेल, हेही सांगितले. मी घरी येऊन रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी ड्रोनची मागणी लेखी मागे घेतली. पूर्ण वर्तुळाच्या छायाचित्रासाठी काठावरून सात चित्रे घेऊन ती जोडण्याचे ठरवले. ज्यांना ड्रोन टाळता येणार नाही त्यांनी तो पहिल्या अर्जातच, किती उंचीवरून, किती मिनिटे आणि कोणत्या वेळी उडवणार या तपशिलासह मांडावा.

प्रस्ताव १८ जुलैच्या सुमारास नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे गेला. त्यानंतरचे पाच आठवडे मला सर्वांत कठीण गेले, कारण करण्यासारखे काहीच नव्हते. कंपनीकडून दर सोमवारी विचारणा होत असे आणि माझ्याकडे नवे उत्तर नसे. मी एक शिस्त लावून घेतली: दहा दिवसांतून एकदा, सकाळी अकरानंतर, आवक क्रमांक समोर ठेवून दूरध्वनी करायचा, ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांचे पद आणि उत्तर वहीत लिहायचे आणि वाद घालायचा नाही. मधल्या काळात श्रावणातल्या सुट्ट्या आणि १५ ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार यांत कार्यालये बंद होती. म्हणून सणासुदीच्या आधी परवानगी हातात पडावी असे वाटत असेल, तर कामाच्या तारखेआधी किमान चार महिने अर्ज द्यावा.

परवानगीचा आदेश २६ ऑगस्ट रोजी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, ईमेलवर आला. घरात मखराची गडबड चालू होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोबाईलवर त्यातल्या अटी वाचत होते. आईने विचारले, “मिळाली का गं?” आणि मला हो म्हणतानाही भरून आले.

आदेशात १६ ते १८ सप्टेंबर हे तीन दिवस मंजूर होते. तीनच व्यक्ती आणि यादीतलीच उपकरणे आत नेता येणार होती. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नव्हता. कृत्रिम प्रकाश, परावर्तक पडदे आणि मोठा आवाज यांना मनाई होती. पूर्ण वेळ वनरक्षक सोबत राहणार होते आणि अंतिम छायाचित्रांची एक प्रत विभागाला विनामूल्य द्यायची होती. शुल्क ऑनलाइन चलनाने भरायचे होते आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र द्यायचे होते. शुल्काचा आकडा येथे मुद्दाम देत नाही, कारण हे दर बदलतात आणि जुना आकडा धरून ग्राहकाला अंदाजपत्रक दिले, की फरक स्वतःच्या खिशातून जातो. अर्ज देतानाच कार्यालयातून चालू दर लेखी मागून घ्यावेत. शुल्काखेरीज माझा खर्च साधारण १४,००० रुपये झाला. त्यात अकोल्याच्या दोन फेऱ्या, लोणारची एक फेरी, तेथील मुक्काम, मुद्रांक, नोटरी आणि छायाप्रती असे सगळे आले. हा खर्च मी सुरुवातीच्या दरपत्रकात धरला नव्हता. आता माझ्या प्रत्येक दरपत्रकात ‘परवानगी प्रक्रिया’ अशी वेगळी ओळ असते, आणि परवानगी नाकारली गेली तर आगाऊ रकमेचे काय होईल, हेही करारात लिहिलेले असते.

तीन दिवसांपैकी पहिला दिवस पावसाने पूर्ण घेतला. अर्जात एकच दिवस मागितला असता, तर तेथेच काम संपले असते, म्हणून पावसाळ्याच्या आसपास काम असेल तर राखीव दिवस आधीच मागून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटले. काठावर स्टँड उभा करून मी सात चित्रे घेतली. समोरच्या कड्याची सावली पाण्यावरून हळूहळू मागे सरकत होती आणि पाणी गडद, शेवाळी हिरवे दिसत होते. माझ्यासोबत आलेले कंपनीचे प्रतिनिधी लोणारला पहिल्यांदाच आले होते. बराच वेळ ते गप्प उभे होते. मग म्हणाले, “मॅडम, हेच पान सप्टेंबरला ठेवू या.”

दुपारी आम्ही खाली उतरलो. येथे एक अगदी व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे आणि अ‍ॅल्युमिनियमला ते मानवत नाही. स्टँडचे पाय काठावरच्या चिखलात गेले असतील, तर ते त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावेत, सांधे उघडून पुसावेत, आणि त्यासाठी पाणी सोबत न्यावे. काठावरच्या झऱ्यावर उपकरणे धुण्याचा विचारही करू नये. भाविक त्या धारेखाली स्नान करतात. शक्य असल्यास कार्बन फायबरचा स्टँड न्यावा.

चौथ्या जागी फांदी तशीच होती. जाळे मात्र आता दुसऱ्या फाट्यावर होते आणि आधीपेक्षा लहान होते. मी गुडघ्यांवर बसले, कॅमेरा खाली नेला आणि फांदी डाव्या कोपऱ्यातून आत येईल अशी चौकट बांधली. वनरक्षकांना पडद्यावर चित्र दाखवले, तेव्हा त्यांनी आधी जाळे शोधले आणि ते सापडल्यावर मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत काम संपले. निघण्यापूर्वी वनरक्षकांनी आमच्या तिघांच्या पिशव्या आणि उपकरणे यादीशी ताडून पाहिली आणि नोंदवहीत आमच्या सह्या घेतल्या. ही नोंद होईपर्यंत थांबावे. पुढच्या अर्जाच्या वेळी ‘पूर्वी अटींचे पालन केले आहे’ असे लिहिता येते, ते या नोंदीच्या बळावर.

दिनदर्शिकेतल्या माहितीच्या ओळीवरून शेवटी एकदा धावपळ झाली. कंपनीच्या मजकुरात विवराचे वय ५२,००० वर्षे दिले होते. जुना अंदाज तसाच होता, पण नंतर झालेल्या आर्गॉन कालमापनातून ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले आहे. छपाईच्या आदल्या रात्री मी दोन्ही अंदाज आणि त्यांचा फरक एका वाक्यात लिहून पाठवला, आणि तोच मजकूर छापला गेला.

१५ डिसेंबर रोजी छायाचित्रांचा पेनड्राइव्ह, वापराचा तपशील देणारे पत्र आणि दिनदर्शिकेच्या पाच प्रती घेऊन मी पुन्हा कार्यालयात गेले. आवक कक्षात शिक्का मारून घेतला. जाताना लोणारला थांबून एक प्रत त्या वनरक्षकांना दिली. त्यांनी सप्टेंबरचे पान उघडले, मग एप्रिलचे. एप्रिलच्या पानावर ती फांदी आहे.